कोड चालतो, पण का चालतो?

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'वेबसाइट कशी बनवावी'. तो मी थोडा वाकवला आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. वेबसाइट बनवायला आज माझी गरज नाही. तयार साचा घ्या, नाव बदला, फोटो टाका, संध्याकाळपर्यंत वेबसाइट उभी राहते. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. उभी राहिलेली वस्तू आपल्याला कळली आहे का, याबद्दल.

आमच्याकडे कामासाठी मुलंमुली मुलाखतीला येतात तेव्हा मी एकच साधा प्रश्न विचारते. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं? समोरच्याच्या अर्जावर चार-पाच प्रोजेक्ट लिहिलेले असतात. खरेदीची साइट, हवामानाचं अ‍ॅप, चॅट. उत्तर येतं, "मॅडम, सर्व्हरवरून डेटा येतो." कोणता सर्व्हर? तो कुठे आहे हे ब्राउझरला कोणी सांगितलं? काय मागितलं, कोणत्या शब्दांत मागितलं? इथे शांतता पसरते. मी कोणाला हसत नाही. २०१४ साली मला हा प्रश्न विचारला असता तर माझंही उत्तर तेवढंच असतं. आणि तोपर्यंत मी एक अशी वेबसाइट बनवून बसले होते जिच्यात खऱ्या बायकांची खरी माहिती होती.

मी इचलकरंजीची. अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान. मागाच्या मोटरी जळून यायच्या. जुनी कॉइल उघडायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे. म्हणजे एका अर्थी ही नक्कलच. पण अब्बा वेढे मोजायच्या आधी मोटर आणणाऱ्याला दहा प्रश्न विचारायचे. एखादा फेज गेला होता का? बेअरिंग आवाज करत होतं का? मागच्या वेळी कोणी भरली? मी कंटाळायचे. ते म्हणायचे, "तार तो कोई भी भरेगा बेटा. जली क्यों, वो पूछ." कारण आधीच्या माणसाने वेढे चुकीचे भरले असतील तर मोजून भरणारा तीच चूक अगदी बिनचूकपणे पुन्हा भरतो.

हे सगळं लहानपणी ऐकूनही मी कॉम्प्युटर शिकले ते मात्र नुसती तार भरत. ज्या क्लासला जात होते तिथे छापील नोट्स मिळायच्या. पान सात, लॉगिनचा कोड. पान बारा, डेटाबेसला जोडण्याचा कोड. बघून टाइप करायचं, चाललं की सर बरोबरची खूण करायचे. नाही चाललं तर सर येऊन एखादा स्वल्पविराम दुरुस्त करायचे. कोर्स संपला तेव्हा माझ्याकडे शंभर पानांच्या नोट्स होत्या आणि मी स्वतःला वेब डेव्हलपर म्हणत होते.

तेव्हा आमच्या भागातली एक संस्था बायकांना कायद्याची मदत करायची. पोटगी, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बायका, मुलांचा ताबा, असे विषय. कार्यकर्त्या वहीत नोंदी ठेवायच्या. मी म्हटलं, मी ऑनलाइन अर्ज करून देते, फुकट. मला काम दाखवायला मिळेल, त्यांची वही वाचेल. पंधरा दिवसांत झालं. थोडं नोट्समधून, थोडं इंटरनेटवरून उचललं, जोडलं. चाललं. सगळ्यांनी कौतुक केलं.

पहिला दणका नावांचा बसला. महिनाभराने एका कार्यकर्तीने यादी उघडली, तर नावाच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं. ज्यांनी इंग्रजी लिपीत नाव भरलं त्यांची ठीक, मराठीत भरणाऱ्या सगळ्या बायका प्रश्नचिन्ह झाल्या होत्या. असं का झालं, ते जरा नीट सांगते, कारण आपल्या लिपीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी आडवं येतं.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याची एक जागतिक यादी आहे, तिला युनिकोड म्हणतात. आणि तो आकडा प्रत्यक्षात किती बाइटमध्ये, कसा लिहायचा याचा एक नियम आहे, यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तो १९९२ मध्ये आखला. आता 'फातिमा' हे नाव घ्या. यात अक्षरं किती? आपण म्हणू तीन. फा, ति, मा. युनिकोडला विचारा, तो म्हणेल सहा. फ, काना, त, वेलांटी, म, काना. आणि बाइट मोजले तर अठरा, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. हेच नाव उर्दूत लिहा. फे, अलिफ, तोय, मीम, हे. पाच अक्षरं, दहा बाइट. इंग्रजी लिपीत सहा अक्षरं, सहा बाइट. एकच नाव, आणि लांबी विचारली तर इतकी वेगवेगळी उत्तरं. सगळी बरोबर. फक्त आपण विचारलं काय, हे आपल्याला माहीत पाहिजे. 'नाव वीस अक्षरांपेक्षा मोठं नको' अशी अट कोणीतरी अमेरिकेत बसून लिहिलेल्या कोडमधून उचलली आणि तो कोड बाइट मोजत असेल, तर सात चिन्हांचं मराठी नाव तिथेच बाद होतं. त्याच कोडमध्ये 'ए ते झेड सोडून दुसरं चिन्ह नको' अशीही अट असते पुष्कळदा. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतोच. तो वाईट माणूस नव्हता, त्याचा प्रश्न वेगळा होता.

माझ्या बाबतीत काय झालं? डेटाबेसशी बोलताना यूटीएफ-८ वापर, ही ओळ मी एका ठिकाणाहून उचलली होती. आणि तक्ता तयार करायचा कोड दुसरीकडून. त्या तक्त्याला लॅटिन-१ ही जुनी युरोपीय यादी लावलेली होती. मायएसक्यूएलमध्ये त्या काळी आपोआप तीच लागायची, ते थेट आठव्या आवृत्तीत, २०१८ ला बदललं. लॅटिनच्या यादीत 'फ' नाहीच. मग डेटाबेसने त्याच्या परीने प्रामाणिकपणा केला. जे चिन्ह लिहिता येत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं, बाजूला एक इशारा नोंदवला, जो मी कधी वाचला नाही, आणि काम पुढे चालू ठेवलं. दोन्ही उचललेले तुकडे आपापल्या जागी बरोबर होते. चूक त्यांच्या सांध्यात होती, आणि सांधा मी केला होता.

मला वाटलं, आता तक्त्याची यादी बदलली की नावं परत दिसतील. इथे संकल्पना न कळण्याची खरी किंमत कळते. कधीकधी पडद्यावर मराठीच्या जागी विचित्र युरोपीय अक्षरांची रांग दिसते. ते बघून माणूस घाबरतो, पण तिथे बाइट शाबूत असतात, वाचणारा चुकीच्या यादीने वाचत असतो. ते दुरुस्त होतं. प्रश्नचिन्ह दिसायला स्वच्छ असतं, आणि ते डेटाबेसमध्येच लिहिलं गेलं असेल तर त्याच्या मागे काही उरलेलं नसतं. नाव पुसलं गेलं, संपलं. दोन्ही 'मराठी दिसत नाही' याच तक्रारीत मोडतात. मी आणि त्या कार्यकर्तीने मिळून साठेक जणींना पुन्हा फोन केले. "तुमचं नाव परत सांगता का?" एकीने विचारलं, "नाव सुद्धा हरवलं का तुमच्याकडं?"

तरी मी शिकले नाही. यादी बदलली, पुढे गेले.

दुसरा फोन त्यानंतर चार महिन्यांनी आला. चंदगडकडची एक बाई. म्हणाली, "ताई, माझा नंबर एकेचाळीस हाय. भावानं पत्ता वहीत लिवून घेतला हुता. मोबाइलवर टाकताना आकडे उलटे पडले, चौदा झालं. तर दुसऱ्याच बाईचा अर्ज उघडला की. तिचा पत्ता, फोन, नवऱ्याचं नाव, समदं."

मी म्हटलं, तुम्ही लॉगिन केलं होतं ना? म्हणाली, हो, माझ्याच नावानं केलं होतं.

मी चौदा नंबरचा अर्ज उघडला. ती बाई नवऱ्यापासून लपून बहिणीकडे राहत होती. बहिणीचा पत्ता अर्जात होता. आणि आमच्या साइटवर खातं उघडायला काय लागत होतं? एक मोबाइल नंबर. ते तिचा नवराही उघडू शकत होता. मग पत्त्याच्या शेवटी एक, दोन, तीन असे आकडे टाकत बसला असता तर चौदापर्यंत पोहोचायला त्याला पाच मिनिटं पुरेशी होती.

साइट मी त्या क्षणी बंद केली. आणि मग रात्रभर माझा लॉगिनचा कोड वाचत बसले. पान सातवरचा. त्यात चूक सापडेना. कारण त्यात चूक नव्हतीच.

काय नव्हतं, ते समजायला मला मुळापर्यंत जावं लागलं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली, ती कागदपत्रं एकमेकांना जोडण्यासाठी. सुरुवातीचा एचटीटीपी इतका साधा होता की मागणी एका ओळीची असायची. 'गेट' हा शब्द आणि पानाचं नाव. सर्व्हर पान द्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. कोणी मागितलं, याआधी काय मागितलं, त्याला काही आठवत नाही. हा विसराळूपणा आजही कायम आहे. सरकारी कचेरीत दर वेळी खिडकीवर नवा कारकून बसलेला असावा आणि दर वेळी आपण पहिल्यापासून सांगावं, तसं. मग लॉगिन टिकतं कसं? त्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी काढली. सर्व्हर पहिल्या भेटीत एक बिल्ला देतो, ब्राउझर पुढच्या प्रत्येक मागणीसोबत तो बिल्ला दाखवतो. कारकून विसराळूच आहे, पण बिल्ला बघून रजिस्टर उघडतो.

म्हणजे प्रत्येक मागणी स्वतंत्र आहे, आणि प्रत्येक मागणीच्या वेळी दोन निराळे प्रश्न विचारायला हवेत. तू कोण? आणि जे मागतोस ते बघायचा तुला हक्क आहे का? पान सातच्या कोडने पहिला प्रश्न चोख विचारला होता. दुसरा प्रश्न नोट्समध्ये कुठेच नव्हता, कारण नोट्सना माहीतच नव्हतं की मी अर्ज दाखवणारं पान बनवणार आहे. तो प्रश्न माझ्या कामातून येत होता, तो मलाच विचारायला हवा होता. माझा कोड पत्त्यातला आकडा घ्यायचा आणि त्या नंबरचा अर्ज काढून द्यायचा. दुरुस्ती एका अटीची होती. 'अर्जाचा नंबर हा, आणि अर्जदार ही.' यातला अर्जाचा नंबर पत्त्यातून घ्या हवा तर, पण अर्जदार कोण हे मात्र आपल्या रजिस्टरमधून घ्यायचं. पत्ता माणसाच्या हातात असतो, रजिस्टर आपल्या ड्रॉवरमध्ये. कोणती माहिती कुणाच्या हातातून आली, एवढा एक प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायची सवय लागली तर अर्धी सुरक्षा तिथेच झाली. ही चूक करणारी मी एकटी नव्हे, हे मला फार नंतर कळलं. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकाचा धोका हाच आहे, हक्क न तपासणं.

सर्व्हरची नोंदवही तपासली. आमच्या होस्टिंगवर ती फक्त सात दिवसांची राहत होती. त्या सात दिवसांत चंदगडच्या बाईशिवाय कोणी आकडे फिरवलेले दिसले नाहीत. त्याआधीच्या महिन्यांत कोणी काय पाहिलं, हे मला आजही माहीत नाही. मी म्हटलं, आता दुरुस्त झालंय, कशाला कोणाला घाबरवायचं? संस्थेच्या मोठ्या ताई म्हणाल्या, "त्यांची माहिती आहे, त्यांना कळलंच पाहिजे." पुन्हा फोन. या वेळी नाव विचारायला नव्हे. चौदा नंबरची बाई त्या आठवड्यात बहिणीकडून दुसरीकडे राहायला गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

आता तुमच्यातले काही म्हणतील, मॅडम, ते २०१४. आता एआय आहे. हो, आहे, मीही रोज वापरते. पण त्याने नोट्सचं पान सात संपलेलं नाही, ते तुम्हाला हवं तसं ताजं छापून मिळायला लागलं आहे. आणि जास्त लोकांनी वापरलेला कोड म्हणून तो बरोबर, असंही नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर २०१० मध्ये एकाने जावाचा एक छोटा तुकडा लिहिला होता, फाइलचा आकार माणसाला वाचता येईल असा दाखवणारा. २०१८ च्या एका अभ्यासात तो तिथला सर्वांत जास्त उचलला गेलेला जावा तुकडा निघाला, हजारो प्रकल्पांत. मग लिहिणाऱ्याने स्वतःच तो पुन्हा तपासला आणि २०१९ मध्ये जाहीर केलं की तो चुकीचा आहे. एक मेगाबाइटला एकच बाइट कमी असलेली फाइल तो 'हजार किलोबाइट' म्हणून दाखवायचा. नऊ वर्षं! हजारो जणांनी घेतला, आणि चूक शेवटी सापडली ती मूळ लिहिणाऱ्यालाच.

मी नकलेच्या विरोधात नाही, हे मात्र सांगते. पाढे आपण आधी पाठच केले, अर्थ नंतर कळला. दुसऱ्याचा चांगला कोड बघून हाताने टाइप करणं हे सुरुवातीला उपयोगाचंच आहे, बोटांना वळण लागतं. बिघडतं ते 'चाललं' या शब्दाला आपण 'कळलं' समजतो तिथे. मी स्वतः त्या प्रकरणानंतर तीन महिने एक पथ्य पाळलं. कोड चालवायच्या आधी वहीत लिहायचे, आता काय दिसेल. मग चालवायचे. दिसलं ते वहीशी जुळलं नाही की तिथे थांबायचं. जुळलं तर कोड मुद्दाम मोडायचा. ही ओळ काढली तर काय होईल, आकड्याच्या जागी मराठी शब्द टाकला तर, नाव रिकामंच सोडलं तर? मग सगळं बंद करून कोऱ्या पानावर पुन्हा लिहायचं. पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते. वही काढून बघितली तर पहिल्या पानावर नऊ अंदाजांपैकी सात चुकलेले आहेत. एआयकडूनही मी आता कोड मागण्याआधी हेच करून घेते. माझा अंदाज सांगते आणि विचारते, यात काय चुकतंय.

आणि ब्राउझर उघडाच आहे, तो बघा. लॅपटॉपवर एफ-१२ दाबा, त्यात 'नेटवर्क' नावाचा भाग उघडा आणि कोणतीही साइट चालू करा. तुमचा ब्राउझर काय मागतो, सर्व्हर काय देतो, बिल्ला कोणता जातो, सगळं ओळीओळीने दिसतं. मी दोन वर्षं वेबसाइट बनवल्या आणि ही खिडकी कधी उघडली नव्हती. मोबाइलवर ही सोय सहज होत नाही, आणि इथे बसलेल्या निम्म्या मुलींच्या घरी लॅपटॉप नाही, हे मला माहीत आहे. म्हणून दोघीतिघींनी मिळून एक मशीन वापरणं मला जास्त पटतं. शेजारणीला समजावताना आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

इंग्रजीचं काय, असा प्रश्न मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारला. जावास्क्रिप्टमधले राखीव शब्द पन्नासच्या आसपास आहेत. पन्नास शब्द कोणालाही पाठ होतात. बिल्ला, रजिस्टर, खिडकी, हक्क हे मात्र ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेत कळलं पाहिजे. मोझिलाचं एमडीएन आहे, फ्री कोड कॅम्प आहे, दोन्ही फुकट आहेत. क्लासला वीस हजार भरण्याआधी तिथे एक महिना घालवा. आणि क्लास लावलातच तर सरांना विचारा, ही ओळ काढली तर काय होईल? सर चिडले तर पैसे परत मागा.

आता जेवणाची वेळ झाली आहे. अडीच वाजता बाजूच्या खोलीत या. सहा लॅपटॉप आहेत, तिघातिघांनी बसायचं. मी एक अर्जाची साइट करून आणली आहे, तिच्यात माझी २०१४ ची चूक जशीच्या तशी ठेवली आहे. अर्ज चाळीस आहेत, नावं सगळी खोटी. प्रत्येक गटाला एक खातं मिळेल. आधी वहीत लिहायचं की कोणता आकडा टाकला तर काय दिसेल, आणि मगच टाकायचा. वह्या मी तपासणार आहे.